डॉरमंट स्प्रे ऑइल: सॅन होजेच्या बॅकयार्डमधून रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना एवढं वाचायचा कंटाळा त्यांची सुटका. पाचपैकी चार स्टार. हिवाळ्यात पानं गळून झोपलेल्या फळझाडांवर किडीसाठी मारायचं हे तेल काम करतं, स्वस्त पडतं, वास जवळजवळ नाही. एक स्टार कापलाय तो बाटलीवर जे काय काय छापलेलं असतं त्यासाठी. वर्षभर वापरा, किडे मारा, अंडी मारा, रोग घालवा, सगळंच. मग लोक त्या भरवशावर मे महिन्यात पानं गुंडाळायला लागली की बाटली आणतात, मारतात, आणि वर सगळ्यांना सांगत फिरतात की पैसे पाण्यात गेले. अहो, या बाटलीचे पैसे वसूल होतात ते डिसेंबर ते फेब्रुवारीत, झाड नुसतं काटक्या काटक्या दिसत असतं तेव्हा. बाकी वर्षभर ती गराजमध्ये पडून राहिली तरी काही बिघडत नाही.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. आलटून पालटून वेगवेगळ्या वापरल्यात आणि मला तरी काडीचा फरक दिसला नाही. लेबलच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरात ॲक्टिव्ह इन्ग्रेडियंट लिहिलेलं असतं ते बघायचं, बहुतेकांवर मिनरल ऑइल 98 टक्के किंवा त्याच्या आसपास असतं, आणि उरलेल्यात इमल्सिफायर, म्हणजे तेल पाण्यात मिसळावं म्हणून घातलेला माल. मग एका बाटलीवर सफरचंदाचा फोटो आणि दुसरीवर गुलाबाचा म्हणून दहा डॉलर जास्त कशाला द्यायचे? क्वार्टची (साधारण लिटरभराची) बाटली आमच्याकडे वीस-पंचवीस डॉलरच्या आसपास मिळते आणि घरच्या तीन-चार झाडांना ती एका हिवाळ्यात संपत नाही. ज्यांना ऑर्गॅनिकच पाहिजे त्यांनी ओमरीचा (ऑर्गॅनिकमध्ये काय चालतं ते तपासणाऱ्या संस्थेचा) शिक्का बघून घ्यावा, मिनरल ऑइल असूनही काही बाटल्यांवर तो असतो, पेट्रोलियमपासून काढलेलं तेल ऑर्गॅनिकमध्ये कसं चालतं म्हणून आमच्याकडे यावरून जेवणाच्या टेबलावर वाद झालाय पण चालतं, नियमात आहे.

हे तेल करतं काय ते सांगते, कारण ते कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. हे विष नाहीये. कीड श्वास घेते ती अंगावरच्या बारीक भोकांतून, तेलाचा पातळ थर त्यावर बसला की भोकं बंद आणि कीड गुदमरून मेली. अंड्यांचंही तेच, कवचातून हवा जातायेता बंद झाली की आतला जीव संपतो. म्हणजे दोन गोष्टी झाल्या. एक, ज्या किडीवर किंवा अंड्यावर तेल प्रत्यक्ष पडलं तीच मरणार, बाजूची ठणठणीत राहणार. दुसरी, तेल वाळलं की काम संपलं, उद्या उडत आलेल्या किडीला ते काही करणार नाही. हे गैरसोयीचं वाटतं पण यातच त्याचा मोठा फायदा पण आहे, एप्रिलमध्ये येणाऱ्या लेडीबग, लेसविंग (दोन्ही कीड खाणारे मित्रकिडे), मधमाश्या यांच्यासाठी मागे काहीच विष उरत नाही. आणि कीड याला सरावत पण नाही, गुदमरण्यावर काय उपाय काढणार ती!

आता सरावण्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या गावची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. फळझाडांवरची जगातली एक बदनाम खवले कीड आमच्या गावाच्या नावाने ओळखली जाते, सॅन होजे स्केल. 1870 च्या दशकात इथल्या जेम्स लिक नावाच्या गडगंज माणसाच्या बागेच्या भागात ती पहिल्यांदा लक्षात आली, बाहेरून मागवलेल्या झाडांबरोबर आली असणार, बहुधा चीनकडून, असं मानतात. हा लिक म्हणजे तोच, ज्याच्या पैशातून माउंट हॅमिल्टनवरची लिक ऑब्झर्व्हेटरी झाली आणि तिथल्या मोठ्या दुर्बिणीखालीच त्याला पुरलंय. हवा स्वच्छ असली की आमच्या गल्लीच्या टोकावरून ते पांढरे घुमट दिसतात. पठ्ठ्याने गावाला दुर्बीण दिली आणि जगाला खवले कीड. पुढे ती सगळ्या अमेरिकेत पसरली, आपल्याकडे काश्मीर-हिमाचलच्या सफरचंदांपर्यंत पण पोचली. त्या काळी यावर चुना-गंधकाचा काढा मारायचे. 1914 मध्ये मेलँडर नावाच्या संशोधकाने वॉशिंग्टन राज्यातल्या बागा बघून लिहिलं की काही ठिकाणी ही कीड त्या काढ्याने मरतच नाहीये, आणि कीटकनाशकाला कीड सरावते याची ही पहिली नोंद धरली जाते. म्हणजे आजच्या सगळ्या 'औषध लागू पडत नाही' या तक्रारींची मूळ पुरुष आमच्याच गावची. तेलापुढे मात्र तिचं अजून काही चाललेलं नाही.

माझ्याकडे झाडं चार. ब्लेनहाइम जर्दाळूचं एक म्हातारं झाड घराबरोबरच मिळालं, ही व्हॅली (आजची सिलिकॉन व्हॅली) एकेकाळी फळबागांची होती, जर्दाळू, प्रून, चेरी, चिपवाले नंतर आले, त्यामुळे जुन्या घरांच्या मागे असं एखादं झाड अजून उभं असतं आणि सनीव्हेलमध्ये तर सिटीने जर्दाळूची एक अख्खी बाग राखून ठेवलीय, बघून या कधीतरी मार्चच्या सुरुवातीला. बाकी सांता रोझा प्लम, एक पीच आणि एक फुजी सफरचंद, ही आम्ही लावलेली.

सफरचंदावर होती ती हीच कीड, सॅन होजे. आधी फळांवर दिसली, सालीवर लाल लाल गोल ठिपके, मध्ये राखाडी टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा. मुलीला वाटलं फळाला गोवर आला. मग फांद्या बघितल्या तर कोवळ्या काडीवर तसेच ठिपके आणि जुन्या फांदीवर राख चोळल्यासारखा खरखरीत थर. लांबून बघितलं तर ती साल आहे असंच वाटेल. कीड आहे का साल आहे हे कळायची सोपी युक्ती म्हणजे नखाने अलगद खवला उचकटायचा. खाली पिवळंजर्द, लिंबाच्या रंगाचं इवलंसं मऊ अंग दिसलं तर जिवंत आहे, वाळून तपकिरी झालेलं असेल तर मेलेली. तेल मारल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत नख लावून बघते, त्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि खवला मेला तरी फांदीला चिकटूनच राहतो त्यामुळे नुसतं लांबून बघून 'काहीच झालं नाही' म्हणू नका.

प्लमवर दुसरीच तऱ्हा. तिथे मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे. माव्याची अंडी हिवाळ्यात डोळ्यांच्या, म्हणजे काडीवरच्या मिटलेल्या कोंबांच्या, बुडाशी बसलेली असतात, काळी चकचकीत, खसखशीपेक्षा बारीक, दहा पटीचं भिंग मुलीच्या सायन्स किटमधून ढापलं तेव्हा नीट दिसली. वसंतात डोळा फुटला की ती पण फुटतात आणि नवीन पान उलगडायच्या आतच त्याची गुंडाळी होते. एकदा पान गुंडाळलं की मग आतल्या माव्यापर्यंत काहीही पोचत नाही, तेल पण नाही आणि साबणाचं पाणी पण नाही. वरून चिकटा गळतो, पॅटिओवरच्या खुर्च्या चिकट, त्यावर काळी काजळी, आणि मुंग्यांची खोडावरून अशी ये-जा की जणू त्यांचं ऑफिस आहे वर. हिवाळ्यात तेल मारायला लागल्यापासून हे प्रकरण पुष्कळ खाली आलंय. पूर्ण गेलं असं नाही म्हणणार, शेंड्याकडे दोन-चार गुंडाळ्या दर वर्षी दिसतात, त्या हाताने तोडून टाकते. पण खुर्च्यांवर बसता येतं. सफरचंदावर मात्र फरक जास्त स्वच्छ दिसला, पुढच्या सीझनची फळं बहुतेक बिनठिपक्याची आली.

आता वेळेचं सांगते, कारण खरा रिव्ह्यू तेलाचा नाहीच, वेळेचा आहे. पानं पूर्ण गळल्यावर ते डोळे फुगून हिरवं टोक दिसेपर्यंत असा हा काळ. त्यातही शेवट शेवट, म्हणजे डोळे फुगायला लागलेत पण फुटले नाहीत, तेव्हा मारलेलं सगळ्यात चांगलं लागू पडतं कारण तोवर अंड्यांमधला जीव जागा झालेला असतो, त्याला जास्त हवा लागते, आणि तेव्हाच आपण ती बंद करतो. पण चारही झाडं काही एकाच दिवशी जागी होत नाहीत. जर्दाळू आणि प्लम आमच्याकडे फेब्रुवारीतच फुलायची घाई करतात, पीच त्यांच्या मागोमाग, आणि सफरचंद मार्च संपत आला तरी लोळत पडलेलं असतं. त्यामुळे एका रविवारी चारही उरकून टाकू असं ठरवलं तर कुणाचं तरी चुकणारच. मी जर्दाळू, प्लम आणि पीचला जानेवारीच्या शेवटाकडे मारते आणि सफरचंदाला नंतर सवडीने.

आणि गंमत बघा, मोठ्या दुकानांत ही बाटली कधी समोर मांडतात? एप्रिलमध्ये! गार्डन सेंटरच्या दाराशी, टोमॅटोच्या रोपांशेजारी. जानेवारीत तिथे जाऊन विचारलं तर पोरगा म्हणतो सीझनल माल अजून आला नाही. अरे, सीझन तर आत्ताच चाललाय! मी आता गावातल्या छोट्या नर्सरीतूनच घेते, दोन-तीन डॉलर जास्त जातात पण तिथल्या काउंटरवरच्या बाई आधी विचारतात झाड कुठलं, डोळे फुगलेत का, आणि मग बाटली देतात.

हवामानाचा भाग जरा डोक्याला ताप आहे. तापमान 40 फॅरनहाइटच्या वर पाहिजे आणि मारल्यानंतर निदान एक दिवस तरी गोठणारी थंडी नको, पाऊस नको, दाट धुकं पण नको कारण तेल वाळायला वेळ लागला की झाडालाच इजा होते. आमच्याकडे बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या भागात) थंडी काही फार नसते पण पाऊस आला की आठवडाभर येतो आणि मग अचानक लख्ख ऊन. त्या मधल्या कोरड्या दिवसांवर डोळा ठेवायचा. सकाळी दहाच्या पुढे सुरू करायचं, म्हणजे संध्याकाळच्या आत वाळतं. अजून एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, झाड तहानलेलं असताना तेल मारायचं नाही. एखाद्या वर्षी डिसेंबर-जानेवारी कोरडा जातो, आपण हिवाळा म्हणून पाणी बंद केलेलं असतं, आणि तशा झाडावर तेल बसलं तर काड्या वाळतात. आधी दोन-तीन दिवस मुळाशी नीट पाणी सोडा आणि मग मारा.

प्रमाण बाटलीवर जे हिवाळ्यासाठी लिहिलंय तेच घ्यायचं, अंदाजपंचे नाही. दोन टक्के म्हणजे गॅलनला साधारण पाच टेबलस्पून. आधी पंपात अर्धं पाणी, मग तेल, मग बाकीचं पाणी, असं केलं की नीट मिसळतं आणि पाणी दुधासारखं पांढरं होतं. पांढरेपणा गेला आणि वर तवंग दिसायला लागला तर थांबायचं, हलवायचं, परत सुरू करायचं. मारताना दर दोन-तीन मिनिटांनी पंप हलवत राहायचा, नाहीतर सुरुवातीला नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या फांदीला सगळं तेल. मारायचं ते अगदी निथळेपर्यंत, काडीच्या चारही बाजूंनी, खालून पण, सालीच्या फटींत, फांद्यांच्या बेचक्यात, डोळ्यांच्या बुडाशी. मध्यम उंचीच्या एका झाडाला गॅलन दीड गॅलन सहज लागतं. छाटणी आधी उरकून घेतली तर मारायला फांद्याच कमी राहतात, तेल पण वाचतं. फक्त जर्दाळूची छाटणी हिवाळ्यात करायची नाही, कॅलिफोर्नियात पावसाळी हवेत कापलेल्या जागेतून युटायपा नावाची बुरशी शिरते आणि अख्खी फांदी मरते, म्हणून जर्दाळू फळं संपल्यावर जुलै-ऑगस्टमध्येच छाटायचं. शेजारी जानेवारीत करवत घेऊन निघाले की मी कुंपणावरून ओरडते.

पंपाबद्दल मात्र तक्रार आहे. सुरुवातीला स्वस्तातला एक गॅलनचा हातपंप घेतला होता, नाव नाही सांगत. एका सीझननंतर त्याचं रबरी वायसर तेलाने फुगलं आणि पुढच्या हिवाळ्यात हवा भरली की दांड्याशेजारून फसफस, औषध नळीतून कमी आणि माझ्या स्लीव्हवरून जास्त. कस्टमर केअरवाले म्हणाले पार्ट मिळत नाही, नवीन घ्या. आता जो घेतलाय त्यात तेलाला टिकणारे सील आहेत असं खोक्यावरच लिहिलेलं होतं, थोडा महाग पडला पण अजून गळलेला नाही. काम झालं की साबणाच्या गरम पाण्याने पंप, नळी, नोझल सगळं धुवायचं, तेल आत तसंच राहू द्यायचं नाही. आणि चष्मा घाला. डोक्यावरच्या फांदीला खालून मारताना सगळं तोंडावरच येतं. खाली अंगणात जपानी मेपल असेल तर त्याच्यावर पांघरूण टाका, त्याला हे तेल सोसत नाही.

सासरे गेल्या हिवाळ्यात इथे होते. तासगावकडचे, आयुष्य द्राक्षबागेत गेलेलं. मी रेनकोट, गॉगल, पंप असा अवतार करून बाहेर पडले तर खुर्ची घेऊन बसले बघायला.

"पान नाही, फूल नाही, कुणासाठी मारतीयस गं औषध?"

"बाबा, अंडी आहेत ना डोळ्यांपाशी."

"दाखव बघू."

भिंग दिलं. बराच वेळ काडी फिरवून बघितली आणि म्हणाले, "मग बरोबर आहे. आमच्यात पण ऑक्टोबर छाटणी झाली की सुटी साल काढून खोड, ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या) धुऊन घेतो की, मिलीबग (पिठ्या ढेकूण) सालीखालीच बसलेला असतो." आणि मग पंप माझ्या हातातून घेतलाच. मी ज्या फांदीवरून भुर्रकन फिरवला असता तिथे त्यांनी नोझल जवळ नेऊन, मनगट फिरवत, बेचक्यात खालून वर असा मारला की एक डोळा कोरडा नाही. त्यांचं एकच म्हणणं, औषध झाडाला नाही मारायचं, किडीला मारायचं. त्या वर्षी प्लमवर शेंड्याकडच्या गुंडाळ्या पण नव्हत्या, त्यामुळे कव्हरेज किती महत्त्वाचं याचा पुरावा घरातच मिळाला. त्यांना नवल वाटलं ते झाडं आपली आपण झोपतात याचं. तासगावात वेल कुठला झोपतोय, छाटायचा, औषधाचं पेस्टिंग करून डोळे फोडायचे, वर्षातून दोनदा छाटणीचं चक्र चालूच.

आता हे तेल काय करत नाही ते, कारण निम्म्या वाईट रिव्ह्यूंचं मूळ इथे आहे. पीचची पानं लाल होऊन फोड आल्यासारखी सुजतात आणि वेडीवाकडी होतात ना, तो लीफ कर्ल, ती कीड नाहीच, बुरशी आहे. तिला तेल काही करत नाही, तिला तांबं लागतं, म्हणजे कॉपरचं औषध, आपल्या बोर्डो मिश्रणाचं भावंड. ते पानं गळल्यावर थँक्सगिव्हिंगच्या सुमारास (नोव्हेंबर अखेरीस) एकदा आणि मग फेब्रुवारीत डोळे फुगायच्या आत, पाऊस फार झाला तर. कॉपरमध्ये एक टक्का तेल मिसळलं तर ते काडीला जास्त चांगलं चिकटतं आणि त्याच फेरीत थोडी अंडी पण जातात, पण दोन्ही लेबलं वाचून, एकमेकांना चालतात का बघूनच. आणि एकदा पानं सुजलेली दिसली की त्या वर्षासाठी गाडी चुकली, काहीही मारू नका, झाड दुसरी पानं काढतं आपली. ज्यांना अजून पीच लावायचंय त्यांनी सरळ 'फ्रॉस्ट' नावाची जात बघा, तिला हा रोग कमी लागतो.

सफरचंदाच्या आतली अळी, कॉडलिंग मॉथ, ती पण यात येत नाही. ती हिवाळ्यात सालीखाली कोशात गुंडाळून बसलेली असते, तेल तिथवर पोचत नाही. तिच्यासाठी मी फळं लिंबाएवढी व्हायच्या आत एकेकाला कागदी पिशवी घालते, वैताग काम आहे पण दुसरं काही मला पटलं नाही. फायर ब्लाइट तर जिवाणूंचा रोग, त्याचा तेलाशी संबंधच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गंधकाचं काही मारलं असेल तर तेल आणि गंधक यांच्यात निदान दोन आठवडे, काही लेबलांवर महिना, एवढं अंतर पाहिजे, दोघं एकत्र आले की झाड भाजतं. जर्दाळूला तर गंधक मारायचंच नाही.

"मग कडुनिंबाचं तेल का नाही?" हा प्रश्न प्रत्येक मराठी घरातून येतो, आमच्या आईने पण विचारला. निंबाबद्दल मला आदर आहे पण इथे दुकानात जी निंबाच्या तेलाची स्वच्छ पिवळसर बाटली मिळते ना, त्यातून अझाडिरॅक्टिन बहुतेक काढूनच घेतलेलं असतं, म्हणजे ज्याच्यामुळे निंब निंब आहे ते गेलेलं आणि उरलेलं नुसतं तेल. ते पण गुदमरवूनच मारतं. आणि अझाडिरॅक्टिन असलं तरी त्याचा मुख्य उपयोग खाणाऱ्या, वाढणाऱ्या किडीवर, हिवाळ्यातलं अंडं काय खातंय? मग दुप्पट पैसे देऊन अंगणभर तो वास कशाला. स्वयंपाकाचं तेल आणि भांड्याचा साबण हलवून मारणाऱ्यांना तर हात जोडते, साबणाचं प्रमाण कुणालाच माहीत नसतं आणि नीट न मिसळलेलं तेल गोळ्यागोळ्याने बसतं.

जास्त जालीम काही का नाही, असंही एका मित्राने विचारलं. पूर्वी कॅलिफोर्नियाच्या बदाम, प्रूनच्या बागांत हिवाळ्यात तेलात डायझिनॉन नावाचं कीटकनाशक मिसळून मारायचे, मग जानेवारीच्या पावसाने ते वाहून सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन नद्यांत जायला लागलं, 1990 च्या दशकात पाण्यात सापडलं पण. घरगुती वापरासाठी त्याची विक्री 2004 च्या शेवटी बंद झाली, आणि क्लोरपायरिफॉस या तसल्याच औषधाची शेतीसाठीची विक्री पण कॅलिफोर्नियात 2020 मध्ये बंद झाली. माझ्या मते परसातल्या झाडाला त्याची गरजही नाही. घरच्या चार झाडांना तेल पुरतं.

हिवाळ्याची वेळ हुकलीच तर सॅन होजे स्केलसाठी एक संधी परत मिळते. एप्रिल-मेमध्ये तिची पिल्लं खवल्याखालून बाहेर पडून फांदीवर चालत सुटतात, तेव्हा ती उघडी असतात. फांदीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप गुंडाळून ठेवायची, त्यावर पिवळे चालते ठिपके अडकलेले दिसले की पातळ प्रमाणात, लेबलवरचं उन्हाळी प्रमाण बघून, तेल मारायचं, संध्याकाळकडे आणि 90 फॅरनहाइटच्या पुढे उकाडा असेल तर अजिबात नाही. पण तेव्हा पानं असतात, पानांच्या गर्दीत फांदी सापडत नाही, तेल दुप्पट लागतं. हिवाळ्यातलं काम ते हिवाळ्यातच बरं.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी. सिमला, कुल्लू, काश्मीरकडे सफरचंद असेल तर हेच तेल तिकडे हॉर्टिकल्चर मिनरल ऑइल म्हणून मिळतं, आपल्या सरकारी तेल कंपन्या पण बनवतात, आणि बागवाले दोनशे लिटरच्या ड्रमला चार लिटर असं धरतात, हिरवं टोक अर्धा इंच दिसायला लागतं त्या सुमारास. पुण्या-कोकणातल्या आंबा, चिकूवाल्यांनी मात्र हा रिव्ह्यू वाचून बाटली मागवू नये. त्या झाडांची पानं गळत नाहीत, ती अशी झोपत नाहीत, आणि हिवाळी प्रमाणातलं तेल हिरव्या पानांवर बसलं तर पानं करपतील. तिथे आपल्या कृषी विद्यापीठाच्या माणसाला विचारा, मला नाही.

तर कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे पानगळीची फळझाडं आहेत, मागच्या वर्षी मावा किंवा खवले दिसलेत, आणि जानेवारीतली एक कोरडी सकाळ देता येते, त्यांनी डोळे मिटून घ्यावं. ज्यांच्या झाडाला काहीच झालेलं नाही त्यांनी उगाच दर वर्षी मारू नये, सालीत निवांत बसलेले चांगले किडे पण त्यात जातात. आणि झाड वीस फुटांच्या वर गेलं असेल तर हातपंपाने वरचा शेंडा भिजत नाही, आधी छाटून खाली आणा नाहीतर माणूस बोलवा.

शेवटचं म्हणजे कालवलेलं मिश्रण उरवायचं नाही, दुसऱ्या दिवशी ते चालत नाही आणि रस्त्यावरच्या गटारात तर अजिबात ओतायचं नाही, आमच्याकडची गटारं थेट खाडीत जातात आणि तिथल्या माशांना हे तेल बाधतं. मी लागेल तेवढंच एकेक गॅलन कालवते, तरी तळाला उरलंच तर कुंपणापलीकडच्या काकूंच्या प्लमला मारून येते, त्यांना विचारून.